चित्रातील खोली : अंदाजाने नव्हे, मोजून

चित्रकलेच्या तासाला तुम्ही खोक्याचे किंवा इमारतीचे यथार्थदर्शन कधी ना कधी काढले असेल. शाळेत त्याला 'पर्स्पेक्टिव्ह' असेच म्हणतात. त्याची कृती ठरलेली असते. प्रथम एक आडवी क्षितिजरेषा काढायची. तिच्या डाव्या व उजव्या टोकाला एकेक बिंदू घ्यायचा. हे दोन विलोपन बिंदू. मध्ये खोक्याची जवळची उभी कड काढायची आणि तिच्या वरच्या व खालच्या टोकांपासून दोन्ही बिंदूंकडे रेषा ओढायच्या. एवढे झाले, की खोक्याच्या दोन भिंती आपोआप दूर पळू लागतात.

येथपर्यंत सगळे नियमाने होते. पण या भिंती थांबवायच्या कोठे? खोक्याच्या मागच्या दोन उभ्या कडा नेमक्या कोणत्या जागी काढायच्या? यावर बहुतेक वेळा उत्तर मिळते, 'डोळ्याला बरे दिसेल तेथे.' म्हणजे उंची पट्टीने मोजायची, रेषा पट्टीने ओढायच्या आणि खोली मात्र अंदाजाने ठरवायची! घनाकृती खोके काढायला सांगितले आणि आपण काढलेले खोके घन आहे की लांबट पेटी, हे आपल्यालाच ठाऊक नाही, अशी ही स्थिती आहे.

खरे पाहता चित्रातील खोलीही उंचीइतकीच अचूक मोजता येते. त्यासाठी समद्विभुज त्रिकोण आणि समरूप त्रिकोण एवढेच भांडवल पुरते, आणि ते तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहेच. कागद, पट्टी व पेन्सिल घेऊनच पुढचे वाचा. आकृती तुम्हीच काढायची आहे.

चित्र म्हणजे काच

खिडकीच्या बंद काचेतून एक डोळा मिटून बाहेर पाहा. डोके न हलवता बाहेरच्या घराच्या कडा काचेवर पेनने गिरवल्या, तर काचेवर उमटेल ते त्या घराचे बिनचूक यथार्थदर्शन. वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून डोळ्याकडे येणारा किरण सरळ रेषेत येतो व वाटेत काचेला एका बिंदूत छेदतो. या सर्व छेदबिंदूंचे मिळून चित्र होते. काचेच्या जागी कागद आहे अशी कल्पना केली, की त्या पातळीला चित्रप्रतल म्हणायचे.

आता डोके थोडे मागे घ्या. काचेवरच्या रेषा आणि बाहेरचे घर यांचा मेळ लगेच सुटतो. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवा : डोळ्याची जागा ठरवल्याशिवाय चित्र ठरतच नाही. फ्लॉरेन्सचा वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्की याने पंधराव्या शतकाच्या आरंभी तेथील बाप्तिस्मागृहाचे एक चित्र केले होते. त्या चित्राच्या फळीलाच त्याने भोक पाडले होते. पाहणाऱ्याने फळीच्या मागे उभे राहून, भोकाला डोळा लावून, समोर धरलेल्या आरशात चित्राचे प्रतिबिंब पाहायचे. ते चित्र आज उपलब्ध नाही, पण त्याच्या चरित्रकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. भोक कशासाठी, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. पाहणाऱ्याचा डोळा योग्य त्याच जागी यावा, म्हणून.

विलोपन बिंदूचा अर्थही येथेच उलगडतो. खोक्याची एखादी आडवी कड घ्या आणि तिला समांतर अशी रेषा आपल्या डोळ्यातून काढा. ही रेषा चित्रप्रतलाला जेथे छेदते, तो त्या कडेचा विलोपन बिंदू. त्या कडेला समांतर असणाऱ्या सर्व कडांचा तोच बिंदू. खोक्याच्या दोन भिंती एकमेकींना काटकोनात असतात. म्हणून डोळ्यापासून दोन विलोपन बिंदूंकडे जाणाऱ्या रेषांमध्येही काटकोनच असतो.

३-४-५ चा उपयोग

कागदावर २५ सेंमी लांबीची आडवी क्षितिजरेषा काढा. डाव्या टोकाला 'ड' व उजव्या टोकाला 'उ' म्हणा. 'ड'पासून ९ सेंमीवर 'म' हा बिंदू घ्या. 'म'च्या बरोबर समोर, चित्रापासून १२ सेंमी अंतरावर आपला डोळा 'न' आहे असे समजू.

डोळा कागदाबाहेर असतो, तो कागदावर कसा दाखवणार? त्यासाठी सोपी युक्ती आहे. वरून पाहिल्यावर चित्रप्रतल एका रेषेसारखे दिसेल. क्षितिजरेषेलाच ती रेषा माना आणि 'म'पासून लंब दिशेने खाली १२ सेंमीवर 'न' मांडा. आता ड-न आणि न-उ ही अंतरे मोजा. ती १५ आणि २० सेंमी भरतील, कारण ९, १२, १५ आणि १२, १६, २० हे दोन्ही ३-४-५ जातीचे काटकोन त्रिकोण आहेत. शिवाय १५, २० व २५ हाही त्याच जातीचा. म्हणून 'न'पाशी बरोबर काटकोन होतो. अशी मापे घेतल्याने पुढचे सारे आकडे सोपे येतील.

क्षितिजरेषेच्या खाली ६ सेंमीवर तिला समांतर रेषा काढा. ही भूरेषा, म्हणजे चित्रप्रतल जमिनीला टेकते ती जागा. 'म'च्या बरोबर खाली भूरेषेवर 'क' घ्या. येथे आपल्या घनाची जवळची कड चित्रप्रतलाला टेकली आहे. ती काचेलाच चिकटलेली असल्यामुळे तिची लांबी चित्रात खरी उतरते. घनाची बाजू ५ सेंमी आहे. 'क'पासून वर ५ सेंमीची उभी रेषा काढा आणि तिच्या दोन्ही टोकांपासून 'ड' व 'उ' यांच्याकडे रेषा ओढा.

मापनबिंदू

आता खरी मेख. 'ड'पासून 'न'पर्यंतचे अंतर १५ सेंमी आहे. तेवढेच अंतर क्षितिजरेषेवर 'ड'पासून उजवीकडे मोजा व तेथे 'ग' हा बिंदू मांडा. कंपासचे टोक 'ड'वर ठेवून 'न'मधून चाप काढला तरी तो क्षितिजरेषेला 'ग'मध्येच छेदेल. 'ग' हा डाव्या भिंतीचा मापनबिंदू. तसेच 'उ'पासून डावीकडे २० सेंमीवर 'घ' मांडा. तो उजव्या भिंतीचा मापनबिंदू.

डावी भिंत ५ सेंमी खोल हवी. मग भूरेषेवर 'क'पासून डावीकडे साध्या पट्टीने ५ सेंमी मोजून 'प' ही खूण करा. 'प' व 'ग' जोडा. ही रेषा क-ड या रेषेला जेथे छेदते, तो बिंदू 'छ'. भिंत नेमकी येथे संपते. 'छ'पासून उभी रेषा काढा, म्हणजे डावीकडची मागची कड मिळेल. उजव्या भिंतीसाठी 'क'पासून उजवीकडे ५ सेंमी मोजा आणि ती खूण 'घ'ला जोडा. ध्यानात ठेवा, डावीकडची खूण उजवीकडे असलेल्या मापनबिंदूला जोडायची आणि उजवीकडची डावीकडच्याला.

आकृती नीट जमली असेल, तर डावी मागची कड 'क'पासून आडव्या दिशेत २.२५ सेंमीवर येईल व तिची उंची ३.७५ सेंमी भरेल. उजवी ३.२ सेंमीवर येईल व तिची उंची ४ सेंमी भरेल. मोजून पाहा. डाव्या मागच्या कडेचे वरचे टोक 'उ'ला आणि उजवीच्या कडेचे वरचे टोक 'ड'ला जोडले, की घनाचे झाकणही पुरे होईल.

असे का होते?

ही जादू नाही. सगळी गंमत समद्विभुज त्रिकोणात आहे. खोके वरून पाहत आहोत असे समजा. खोक्याची डावी बाजू 'क'पासून निघून ५ सेंमीवर 'ख' या कोपऱ्यात संपते. आपण भूरेषेवर क-प हे अंतरही ५ सेंमीच घेतले. म्हणून क-प-ख हा समद्विभुज त्रिकोण झाला. खोली ५ ऐवजी ७ किंवा १० सेंमी असती, तरी त्रिकोण लहानमोठा झाला असता, पण प-ख या रेषेची दिशा तीच राहिली असती. या सर्व प-ख रेषा परस्परांना समांतर, म्हणून त्यांचाही एक सामाईक विलोपन बिंदू असलाच पाहिजे.

तो शोधण्यासाठी डोळ्यातून, म्हणजे 'न'मधून, प-ख ला समांतर रेषा काढू. ती क्षितिजरेषेला 'ग'मध्ये छेदते असे म्हणू. आता ड-न ही क-ख ला समांतर, ड-ग ही क-प ला समांतर आणि न-ग ही ख-प ला समांतर. दोन्ही त्रिकोणांच्या बाजू समांतर, म्हणजे ते समरूप. पहिला समद्विभुज, म्हणून दुसराही समद्विभुज. अर्थात ड-ग बरोबर ड-न, म्हणजे १५ सेंमी. मापनबिंदू म्हणजे दुसरे काही नसून या तिरक्या समांतर रेषांचा विलोपन बिंदू होय.

आता कागदावरच्या चित्राकडे वळा. भूरेषा व क्षितिजरेषा समांतर आहेत. म्हणून प-क-छ आणि ग-ड-छ हे त्रिकोण समरूप आहेत. यावरून,

क-छ : छ-ड = क-प : ड-ग = ५ : १५ = १ : ३

म्हणजे 'छ' हा क-ड या रेषेच्या बरोबर चौथ्या हिश्शावर आला. यातून एक सुटसुटीत नियम मिळतो. खरी खोली आणि डोळ्यापासून विलोपन बिंदूपर्यंतचे अंतर यांची बेरीज करा व तिने खोलीला भागा. कोपऱ्यापासून विलोपन बिंदूपर्यंतच्या रेषेचा तेवढा भाग त्या खोलीने व्यापला जातो. डावीकडे ५ भागिले २० म्हणजे १/४. उजवीकडे ५ भागिले २५ म्हणजे १/५.

अंदाज किती फसतो?

समजा, एखाद्याने अंदाजाने डावी मागची कड २.२५ ऐवजी ४ सेंमीवर काढली. फरक पावणेदोन सेंमीचा. पण क-ड या रेषेचा ४/९ भाग व्यापला गेला, याचा अर्थ नियमाप्रमाणे खोली १२ सेंमी झाली! ५ सेंमीच्या घनाची जवळजवळ अडीचपट लांब पेटी झाली. पाहणाऱ्याला 'काही तरी चुकले आहे' एवढेच जाणवते. काय चुकले ते मापनबिंदू सांगतो.

दुसरी फसगत समान अंतरांची. रस्त्याकडेचे खांब, फरशा, आगगाडीचे डबे या साऱ्यांत अंतरे सारखी असतात. डावीकडे ५, १० व १५ सेंमी खोलीवर खांब उभे करा. नियमाने ते क-ड च्या १/४, २/५ आणि १/२ भागांवर येतात. आडव्या दिशेत मोजले तर लागोपाठची अंतरे २.२५, १.३५ आणि ०.९ सेंमी. पहिल्याशी दुसऱ्याचे प्रमाण ०.६, तर दुसऱ्याशी तिसऱ्याचे सुमारे ०.६७. म्हणजे अंतरे घटतात, पण ठराविक पटीने घटत नाहीत.

प्रत्येक अंतर आधीच्याच्या ०.६ पट घेत गेलो असतो तर? ही भूमिती श्रेढी झाली. तिची अनंत पदांची बेरीज २.२५ भागिले ०.४, म्हणजे ५.६२५ सेंमी. अनंत खांब उभारले तरी आपण ९ सेंमी दूर असलेल्या विलोपन बिंदूपर्यंत पोहोचणार नाही. रस्ता क्षितिजाच्या आधीच संपेल! असाच प्रकार जुन्या काळी इटलीत चाले. जमिनीवरच्या फरशीची प्रत्येक पुढची पट्टी आधीच्या पट्टीच्या दोन तृतीयांश घ्यायची, असा काही चित्रकारांचा ठोकताळा होता. आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवर लिहिलेल्या ग्रंथात या ठोकताळ्याला दोष दिला. त्याचा आक्षेप मार्मिक होता : या रीतीत डोळा कोठे आहे याचा विचारच नाही.

टेबलावरचा प्रयोग

पुस्तकात लिहिले आहे म्हणून विश्वास ठेवू नका. प्रयोग करून पाहा. पुठ्ठ्याचे १० सेंमी बाजूचे घनाकृती खोके करा. फोटो फ्रेमचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तक्ता घ्या. काच असेल तर कडांना चिकटपट्टी लावा. तो टेबलावर उभा करून दोन्ही बाजूंनी पुस्तकांचा आधार द्या. एका पुठ्ठ्याला लहान भोक पाडून तो तक्त्यापासून २४ सेंमी अंतरावर उभा करा. भोक टेबलापासून १२ सेंमी उंचीवर असावे. ही आपल्या चित्राची बरोबर दुप्पट मापे आहेत.

खोके तक्त्याच्या पलीकडे ठेवा. त्याची एक उभी कड भोकाच्या बरोबर समोर तक्त्याला टेकू द्या. खोके असे फिरवा, की डावा कोपरा टेकलेल्या कडेपासून ६ सेंमी डावीकडे व तक्त्यापासून ८ सेंमी मागे येईल. मग उजवा कोपरा आपोआप ८ सेंमी उजवीकडे व ६ सेंमी मागे जाईल. आता भोकाला डोळा लावून खोक्याचे खालचे दोन्ही कोपरे तक्त्यावर स्केचपेनने टिपा. हात आखूड पडला तर मित्राची मदत घ्या. तुम्ही सांगाल तसे पेन त्याने सरकवायचे.

डावी खूण ४.५ सेंमी डावीकडे व टेबलापासून ३ सेंमी उंचीवर यायला हवी. उजवी ६.४ सेंमी उजवीकडे व २.४ सेंमी उंचीवर. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तर चालेल. तो भोकाच्या आकाराचा आणि हाताचा दोष.

यानंतर खोके मुळीच न हलवता भोकाचा पुठ्ठा ४० सेंमीवर न्या. उंची तीच ठेवा. आता डावी खूण ५ सेंमीवर, पण २ सेंमी उंचीवरच येईल. खोके तेच, जागा तीच, तरी चित्र बदलले. 'या घनाची खोली चित्रात किती काढायची?' या प्रश्नाला एकच एक उत्तर का नाही, ते येथे प्रत्यक्ष दिसते. आधी विचारायला हवे, 'पाहणारा किती दूर आहे?'

चित्र कोठून पाहायचे?

मघाशी काढलेले चित्र पुन्हा समोर धरा. गणित अचूक असूनही घन थोडा ताणलेला, टोकदार वाटतो ना? कारण ते चित्र १२ सेंमीवरून पाहण्यासाठी काढले आहे, आणि आपण ते ३० ते ४० सेंमीवरून पाहत आहोत. १२ सेंमीवर मोठ्या माणसाला सहसा स्पष्ट दिसत नाही. सुस्पष्ट दृष्टीचे लघुतम अंतर सुमारे २५ सेंमी मानतात, हे तुम्ही मानवी डोळ्याच्या धड्यात वाचले असेल. सर्व मापे दुप्पट करा, म्हणजे डोळा २४ सेंमीवर येईल. एक डोळा मिटून 'म'च्या बरोबर समोरून पाहा. विकृती नाहीशी होऊन घन उठून दिसू लागेल.

दोन्ही विलोपन बिंदू कागदाच्या आत कोंबायचे म्हटले, की डोळा चित्राला चिकटतो. भडक दिसणाऱ्या यथार्थदर्शनांचे मूळ बहुधा याच काटकसरीत असते. बिंदू दूर जाऊ द्यावेत. कागदाला शेजारी दुसरे कागद जोडावेत. मापनबिंदूच कागदाबाहेर गेला तर ड-ग चा मध्यबिंदू वापरावा, मात्र भूरेषेवरची मापेही निम्मी घ्यावीत. क-प : ड-ग या गुणोत्तरातील दोन्ही पदे निम्मी केली तर 'छ'ची जागा बदलत नाही, हे तुम्हीच सिद्ध करा.

उलटा प्रश्न

तयार चित्रावरून डोळ्याची जागा काढता येईल का? हा उलटा प्रश्न योहान हाइनरिख लॅम्बर्ट याने १७५९ साली यथार्थदर्शनावर लिहिलेल्या पुस्तकात हाताळला. प्रकाशमितीत ज्याचा नियम शिकवतात आणि पाय ही संख्या अपरिमेय असल्याचे ज्याने सिद्ध केले, तोच हा लॅम्बर्ट.

कॅमेरा समपातळीत धरून टिपलेले, कडा न कापलेले एखाद्या इमारतीच्या कोपऱ्याचे छायाचित्र घ्या. ते मोठ्या कागदावर चिकटवून भिंतींच्या आडव्या रेषा वाढवा. 'ड' व 'उ' मिळतील. अशा छायाचित्राचा मध्य म्हणजे आपला 'म', कारण भिंगाचा अक्ष तेथूनच जातो. ड-उ हा व्यास घेऊन अर्धवर्तुळ काढा. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, म्हणून डोळा या वर्तुळावरच असणार. 'म'मधून काढलेला लंब त्याला जेथे छेदेल तो 'न'. मोजायचाही कंटाळा असेल, तर भूमितीमध्याचे प्रमेय आठवा. ड-म आणि म-उ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे डोळ्याचे अंतर. आपल्या चित्रात ९ गुणिले १६ म्हणजे १४४, आणि त्याचे वर्गमूळ १२!

एकदा 'न' मिळाला, की मापनबिंदू मिळाले. इमारतीचे एक माप खरे ठाऊक असले, की कोपऱ्यापासून मागे जाणाऱ्या भिंतींवरची बाकीची मापे घरी बसून काढता येतात. याचे मोल जर्मनीच्या आल्ब्रेख्त मायडेनबाउअर याला जिवावर बेतल्यावर पटले. १८५८ साली वेट्झलार येथील उंच चर्चची मापे घेताना तो पडता पडता वाचला. इमारतीवर चढण्याऐवजी तिच्या छायाचित्रावर मापे का घेऊ नयेत, असा विचार त्याने केला. छायाचित्रावरून मोजमाप करण्याच्या या शास्त्राला 'फोटोग्रॅमेट्री' हे नाव त्यानेच दिले. १८८५ साली बर्लिनमध्ये यासाठी सरकारी संस्था निघाली आणि तिने जुन्या वास्तूंची मोजता येण्याजोगी छायाचित्रे जमवली. आज विमानातून वा ड्रोनवरून घेतलेल्या छायाचित्रांपासून नकाशे करतात, तेही याच शास्त्राच्या आधाराने. गणित संगणक करतो, पण डोळ्यापासून निघालेली सरळ रेषा आणि तिने केलेले त्रिकोण तेच आहेत.

शिक्षकांना एक सूचना कराविशी वाटते. वेळापत्रकात चित्रकला व भूमिती यांचे तास वेगळे असतात. वर्षातून एक दिवस ते जोडून घ्यावेत. फळ्यावर अडीच मीटरची क्षितिजरेषा आखून आपल्या चित्राची दहापट मापे घ्यावीत आणि मुलांना एकेक करून 'म'समोर १.२ मीटरवर, डोळा क्षितिजरेषेच्या उंचीला येईल असे उभे करून घन दाखवावा.

आणि विद्यार्थ्यांसाठी हे घ्या एक गणित. एका छायाचित्रात 'म'पासून 'ड' १८ सेंमीवर व 'उ' ३२ सेंमीवर आहे. इमारतीचा जवळचा कोपरा चित्रप्रतलाला टेकला आहे असे समजा. डाव्या भिंतीने कोपऱ्यापासून विलोपन बिंदूपर्यंतच्या रेषेचा एक तृतीयांश भाग व्यापला आहे, तर उजव्या भिंतीने एक पंचमांश. दोहोंपैकी खरी लांब भिंत कोणती, आणि कितीने? आधी डोळ्याने अंदाज करा, मग मोजा.